श्वासाला माणूस लागतो

मी बेंगळुरूहून बोलतोय. या मालिकेत आपण एरवी लढाया, पलटणी आणि नकाशे यांच्याबद्दल बोलतो. आजचा भाग एका पेशाच्या इतिहासाचा आहे, आणि त्याला कारण आहे तुमचे फोन.

बारावीचे निकाल लागले की सोलापूर, बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणांहून जुने सहकारी, नातेवाईक, मालिकेचे प्रेक्षक फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो. "सर, नीटला मार्क कमी पडले. मुलीला काम हॉस्पिटलमध्येच करायचंय. तुमच्या बेंगळुरूत काय मिळेल?" या प्रश्नाची जी उत्तरं आहेत त्यांतलं एक म्हणजे रेस्पिरेटरी थेरपिस्ट. मराठीत त्याला अजून रुळलेला शब्द नाही. श्वसनोपचार तज्ज्ञ म्हणता येईल. पण वॉर्डात नातेवाईक त्याला "ते ऑक्सिजनवाले" नाहीतर "व्हेंटिलेटरवाले" म्हणूनच ओळखतात. रुग्णाला श्वासासाठी मदत लागते तेव्हा ऑक्सिजन किती द्यायचा, कशातून द्यायचा, व्हेंटिलेटर कसा लावायचा, त्यावरून रुग्णाला कधी उतरवायचं, हे डॉक्टरांच्या बरोबरीने पाहणारा माणूस तो.

फौजेतल्या माणसाने यावर बोलावं, कारण या पेशाचा इतिहास युद्ध, विमान, डोंगर आणि साथ यांच्यातून गेलेला आहे. त्या सगळ्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यंत्र आधी येतं, ते चालवणारा माणूस उशिरा येतो. आणि मधल्या काळाची किंमत रुग्ण मोजतो. ज्याला या पेशात जायचं आहे त्याने ही गोष्ट आधी समजून घ्यावी. काय शिकायचं ते तिच्यातूनच कळतं.

वायूची लढाई

२२ एप्रिल १९१५. बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन फौजेने क्लोरीन वायूच्या टाक्या उघडल्या. हिरवट पिवळा ढग वाऱ्याबरोबर खंदकांवर आला. त्यानंतर चारच दिवसांनी आपली लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर हल्ल्याला उतरली. धड मास्क कुणाकडेच नव्हते. ओलं फडकं नाकातोंडावर धरायचं आणि पुढे जायचं. त्या दिवशी जमादार मीर दस्त यांनी गोळीबारात आठ ब्रिटिश आणि हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी नेण्यात मदत केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण गॅसने पोखरलेली छाती पुढेही त्यांना छळत राहिली. पदक छातीवर आणि त्रास छातीच्या आत, अशी ती अवस्था.

क्लोरीनने फुप्फुसात पाणी साठतं. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. त्याला ऑक्सिजन हवा हे डॉक्टरांना माहीत होतं, पण तो देण्याची पद्धत कशी होती? सिलिंडरला रबरी नळी, नळीला नरसाळं, आणि ते तोंडाजवळ धरायचं. बराचसा ऑक्सिजन हवेत जायचा. जॉन स्कॉट हॉल्डेन हे स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ खाणींतल्या विषारी वायूंचा अभ्यास केलेले. त्यांनी चेहऱ्यावर बसणारा मास्क, प्रवाह मोजून सोडणारी झडप आणि रबरी पिशवी अशी जोडणी केली, आणि १९१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑक्सिजन उपचारांवर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ऑक्सिजन मोजून द्यायचा आणि सलग द्यायचा.

मोजून हा शब्द लक्षात ठेवा. आजच्या सगळ्या गोष्टीचं मूळ त्यात आहे.

कोपनहेगनचे हात

आता पोलिओ. या रोगात श्वासाचे स्नायू लुळे पडले की फुप्फुस चांगलं असूनही माणूस गुदमरतो. १९२८ साली अमेरिकेत बॉस्टनला फिलिप ड्रिंकर यांनी तयार केलेलं 'लोखंडी फुप्फुस' पहिल्यांदा एका मुलीसाठी वापरलं गेलं. रुग्णाचं डोकं बाहेर आणि बाकी अंग हवाबंद पिंपात. पिंपातला दाब कमी झाला की छाती फुगते, वाढला की बसते. यंत्र अवाढव्य, महाग, आणि रुग्णाला हात लावायचा तर पिंपाच्या भोकांतून.

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्लेग्डाम रुग्णालयात असं पिंप एकच होतं, शिवाय छातीवर बसवायची सहा छोटी यंत्रं. त्यांच्यावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. रक्तात कार्बनचं संयुग वाढलेलं दिसत होतं, आणि त्याचा अर्थ काहीतरी वेगळाच लावला जात होता. मुख्य वैद्य लासेन यांनी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावलं. इब्सेन यांनी तेच आकडे पाहिले आणि वेगळा अर्थ काढला. रुग्णाचा श्वास पुरत नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. उपाय म्हणजे गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी दाबून हवा थेट फुप्फुसात भरायची. २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मुलीवर त्यांनी हे करून दाखवलं. मुलगी वाचली.

पण पिशवी दाबणार कोण? एक मिनिट थांबून चालत नाही. दिवस-रात्र, आठवडे, महिने. तेव्हा वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी बोलावले गेले. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसून हाताने श्वास दिला. एका वेळी ७० रुग्ण अशा हातांवर जगत होते. मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून निम्म्याहून खाली आलं. इब्सेन यांनी १९५३ च्या डिसेंबरात कोपनहेगनमध्येच अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. जगातल्या अतिदक्षता विभागांची सुरुवात तिथून धरतात.

त्या विद्यार्थ्यांना कुणी थेरपिस्ट म्हटलं नाही, पण त्यांनी जे केलं ते या पेशाचं पहिलं काम होतं. रुग्णाच्या तोंडाकडे बघायचं, पिशवीत हाताला लागणारा अडथळा ओळखायचा, नळीत कफ अडकला की काढायचा. पिंपाला हे कळत नव्हतं, त्या विशीतल्या पोरांना कळत होतं.

सिलिंडर ढकलणाऱ्यांचा पेशा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या रुग्णालयांत ऑक्सिजनचा वापर वाढला. सिलिंडर ढकलत आणणारे, मास्क लावून देणारे मदतनीस असायचे. शिक्षण बेताचं, मान त्याहून कमी. १९४६ साली शिकागोत त्यांनी आणि काही डॉक्टरांनी मिळून श्वसनोपचारांची पहिली संघटना बांधली. आजची अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअर ही तिचीच पुढची पिढी. म्हणजे हा पेशा वरून हुकूम निघून झालेला नाही. हमालाच्या कामातून, शिकत शिकत, माणसांनी तो वर आणला.

त्याच काळात युद्धातलं विमान ज्ञान वॉर्डात आलं. फॉरेस्ट बर्ड हा वैमानिक. उंचावर उडणाऱ्या वैमानिकांना दाबाखाली ऑक्सिजन कसा द्यायचा यावर काम करता करता त्याने रुग्णांसाठी छोटा व्हेंटिलेटर बनवला. 'बर्ड' हे नाव जुन्या भूलतज्ज्ञांना आजही आठवतं.

आणि त्याच काळात एक भयंकर धडाही मिळाला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पेटीत ठेवून मुक्त हस्ताने ऑक्सिजन दिला जात होता. बाळं जगत होती, पण हजारोंच्या संख्येने आंधळी होत होती. १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी हे जास्तीच्या ऑक्सिजनमुळे होतंय, असं दाखवून दिलं. पुढे अमेरिकेत मोठी चाचणी होऊन ते पक्कं झालं. प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर यांची दृष्टी अशीच गेली. तेव्हा ऑक्सिजन म्हणजे नुसती चांगली हवा नव्हे. ते औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. कमी झाली तर जीव जातो, जास्त झाली तर डोळे.

डोंगरावरचा श्वास

आता आपल्याकडे येऊ. १९६२ च्या चीन युद्धात हजारो जवान मैदानी मुलखातून विमानाने थेट हिमालयात उतरवले गेले. कित्येकांना दोन-तीन दिवसांत धाप, खोकला, फेसाळ गुलाबी थुंकी. बरेच दिवस अशा रुग्णांवर न्यूमोनिया समजून उपचार होत होते. उंचीमुळे फुप्फुसात पाणी होतं, हे अमेरिकेतले डॉ. चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० साली मांडलं होतं. आपल्या सेनेच्या वैद्यकीय सेवेतले इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. उंचीच्या आजारावर जगात आजही त्या कामाचा उल्लेख होतो.

यातली साधी गोष्ट समजून घ्या. हवेत ऑक्सिजन सगळीकडे २१ टक्केच असतो, बेंगळुरूत आणि लेहमध्येही. वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो. १८,००० फुटांवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. दर श्वासात ऑक्सिजनचे कण निम्मेच येतात. म्हणून फौजेत उंचीची सवय टप्प्याटप्प्याने करवतात. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १५,००० पर्यंत आणखी चार, त्यावर आणखी चार. लेफ्टनंट असो की जनरल, यात सूट नाही.

ऐंशीच्या दशकात मी लडाखमध्ये १५,००० फुटांच्या वर एका चौकीवर होतो. आमच्याकडे डॉक्टर नव्हता. मेडिकल कोअरचा एक नर्सिंग असिस्टंट होता. बोटाला लावायचं यंत्र तेव्हा आमच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. नवी तुकडी वर आली की हा गडी पहिल्या रात्री झोपायचा नाही. बुखारीच्या उजेडात प्रत्येक जवानाजवळ जाऊन, घड्याळ हातात धरून मिनिटाला श्वास किती ते मोजायचा. ओठ आणि नखं टॉर्चने बघायचा. एका रात्री त्याने मला उठवलं. म्हणाला, "साब, इसकी साँस अट्ठाईस चल रही है, दोपहर को बीस थी।" जवान स्वतः म्हणत होता, मला काही झालेलं नाही. सिलिंडर लावला आणि उजाडायच्या आत त्याला खाली पाठवला. पुढे तो बरा होऊन पलटणीत आला. आकड्यापेक्षा आकडा बदलला कसा, हे त्या नर्सिंग असिस्टंटने पाहिलं होतं. मी इतकी वर्षं फौजेत काढली, पण पहारा म्हणजे काय, हे सांगायचं झालं तर मला तो माणूस आठवतो.

बेंगळुरू: यंत्रांचं गाव

हा इतिहास बेंगळुरूशी येऊन भिडतो. १९५७ साली इथे हवाई दलाची स्कूल ऑफ एव्हिएशन मेडिसिन सुरू झाली. आज ती इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन म्हणून विमानपुऱ्यात आहे. गगनयानासाठी वैमानिकांची वैद्यकीय निवड तिथेच झाली. तिथल्या कमी दाबाच्या कक्षात वैमानिकाला बसवून ऑक्सिजन कमी झाला की काय होतं ते दाखवतात. सोपी बेरीज चुकायला लागते, अक्षर वाकडं होतं, आणि माणसाला वाटत असतं की आपण एकदम ठीक आहोत. ऑक्सिजनची कमतरता अशी चोरपावलांनी येते.

इथेच डीआरडीओची डेबेल प्रयोगशाळा आहे, सैन्याला लागणारी जैववैद्यकीय उपकरणं करणारी. तेजस लढाऊ विमानात वैमानिकासाठी उडता उडता ऑक्सिजन तयार करणारी यंत्रणा तिने विकसित केली. तत्त्व असं, की झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांमधून दाबाखाली हवा सोडली की दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. अति उंचीवरच्या सैनिकांसाठी, रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी पाहून आपोआप प्रवाह कमी-जास्त करणारं उपकरणही याच प्रयोगशाळेचं.

२०२० साली करोना आला तेव्हा भारत इलेक्ट्रॉनिक्स या बेंगळुरूच्या सरकारी कंपनीने, म्हैसूरच्या स्कॅनरे कंपनीच्या आणि डीआरडीओच्या साथीने, ३०,००० व्हेंटिलेटरची ऑर्डर काही महिन्यांत पुरी केली. रडार करणाऱ्या कारखान्याने श्वासाची यंत्रं केली. २०२१ च्या एप्रिलमध्ये तेजसच्या तंत्रावर आधारलेले ऑक्सिजन प्रकल्प देशभर बसवायचं ठरलं. एका प्रकल्पाची क्षमता मिनिटाला १,००० लिटर. फौजी म्हणून मला याचा अभिमान आहे, आणि असायलाच हवा.

पण आता हिशेब करा. मिनिटाला १,००० लिटरचा प्रकल्प; रुग्णाला मिनिटाला ५ लिटर दिले तर १९० रुग्णांना पुरतो, असं डीआरडीओनेच सांगितलं होतं. तोच प्रकल्प, पण रुग्ण नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला ६० लिटर. मग किती रुग्ण? सोळा. सिलिंडरचंही तसंच. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर मावतात. १० लिटरने साडेअकरा तास. ६० लिटरने दोन तासही नाहीत. १९० आणि १६ यांच्यामध्ये उभा असतो नॉब फिरवणारा माणूस. कुणाला ६० खरंच हवेत, कुणाचं १० वर भागेल, कुणाला पालथं झोपवलं तर प्रवाह कमी करता येईल, हे त्याला कळायला हवं.

त्या दिवसांत हे कळणारी माणसं कमी होती. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब पडला आणि किमान २२ रुग्ण दगावले. आपल्या सगळ्यांच्या मनावर तो चरा आहे. केंद्राने पाठवलेले व्हेंटिलेटर काही राज्यांत पडून असल्याच्या बातम्या आल्या. १५ मेच्या बैठकीत पंतप्रधानांनी त्यांची पाहणी करायला आणि गरज असेल तिथे कर्मचाऱ्यांना ते चालवण्याचं प्रशिक्षण द्यायला सांगितलं. म्हणजे यंत्र पोचलं होतं, हात पोचले नव्हते. कोपनहेगनला नेमकं उलट झालं होतं.

आणि याच काळात आपल्या नंदुरबारने काय केलं ते पाहा. आदिवासी जिल्हा, साधनं मोजकी. डॉ. राजेंद्र भारूड तेव्हा जिल्हाधिकारी होते. तिथे रुग्णांच्या एका गटामागे एक परिचारिका फक्त ऑक्सिजनसाठी नेमली, 'ऑक्सिजन नर्स'. तिचं काम फिरत राहायचं, बोटाला यंत्र लावून पातळी बघायची, पुरेशी असेल तर प्रवाह कमी करायचा, घसरत असेल तर वाढवायचा. ऑक्सिजन वाचला. राज्यभर त्या प्रयोगाचा दाखला दिला गेला. माझ्या मते हॉल्डेनचं 'मोजून' आणि कोपनहेगनचे हात, दोन्ही त्या परिचारिकेत होते. रेस्पिरेटरी थेरपिस्ट नावाचा माणूस तिथे नव्हता, म्हणून तिने त्याचं काम केलं.

तयारी कशी करायची

आता फोनवरच्या प्रश्नाकडे येतो. मुला-मुलींनो, हे तुमच्यासाठी.

पहिलं, कायदा. मार्च २०२१ मध्ये, म्हणजे दुसरी लाट चढत असतानाच, संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट हे नाव आहे. त्याआधी या पेशाला देशपातळीवर नोंदणी करणारी वैधानिक परिषद नव्हती. या कायद्यानुसार आरोग्य व्यावसायिक म्हणून नोंद व्हायला किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत पुरी केलेली पदवी लागते. संलग्न आरोग्य व्यावसायिकाला किमान २,००० तासांची पदविका किंवा पदवी. कोणतंही माहितीपत्रक हातात आलं की आधी हे तास शोधा. दोन खोल्यांच्या संस्थेत सहा महिन्यांत "व्हेंटिलेटर टेक्निशियन" करून देणारे भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा.

दुसरं, शिक्षण. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठात ही पदवी 'रेस्पिरेटरी केअर टेक्नॉलॉजी' नावाने आहे. मणिपालला 'रेस्पिरेटरी थेरपी' म्हणतात. साधारण तीन वर्षं वर्ग आणि प्रात्यक्षिकं, वर एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेशाचे नियम बदलताहेत, तेव्हा शेजाऱ्याच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षीचं परिपत्रक स्वतः वाचा. कॉलेज बघायला गेलात की इमारत बघू नका. चार प्रश्न विचारा. रुग्णालय स्वतःचं आहे का? अतिदक्षता विभागात खाटा किती, आणि नवजात बाळांचा वेगळा विभाग आहे का? शिकवणाऱ्यांत याच विषयाची पदवी असलेले किती? इंटर्नशिपमध्ये रात्रपाळीला शिकवायला कोण असतं?

तिसरं, भौतिकशास्त्राला घाबरू नका. दाब, प्रवाह, घनफळ हेच रोजचं काम आहे. एक उदाहरण देतो. व्हेंटिलेटर एका श्वासाला किती हवा भरेल हे आपण ठरवतो. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दिसलं, की फुप्फुसं खूप आजारी असताना वजनाच्या दर किलोला १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली तर मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर येतात. आता १६५ सेंटिमीटर उंचीचा, ९५ किलोचा पुरुष घ्या. ९५ ला ६ ने गुणायचं का? नाही. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही. उंचीवरून काढलेलं वजन घ्यायचं, ते होतं साडेएकसष्ट किलोच्या आसपास. हवा सुमारे ३७० मिलिलिटर. ९५ ने गुणलं असतं तर ५७०. यंत्र दोन्ही आकडे निमूट स्वीकारतं. म्हणून उशाशी उभं राहून टेपने उंची मोजणाऱ्याचं शिक्षण महत्त्वाचं.

चौथं, आधी माणूस बघा, मग पडदा. ऑक्सिजनची पातळी बहुतेक रुग्णांत ९४ ते ९८ ठेवतात. पण वर्षानुवर्षं विडी ओढून किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसं झिजलेल्या रुग्णांत पुष्कळदा ८८ ते ९२ च पुरते आणि त्याहून जास्त दिली तर धोका होऊ शकतो. आपल्या खेड्यांत अशा कितीतरी आज्या आहेत. मान ओढून श्वास घेतो का, वाक्य पुरं बोलतो का, मिनिटाला श्वास किती, हे कॉलेजात जाण्याआधीही शिकता येतं. घड्याळ घ्या आणि घरच्यांचे श्वास मोजा. झोपेत, जागेपणी, जिना चढल्यावर. पंधरा दिवसांत नजर तयार होते.

पाचवं, पर्यायी तयारी. वीज गेली, पाइपमधला दाब पडला, तर पहिल्या मिनिटात काय? उशाशी हाताने दाबायची पिशवी आहे का, राखीव सिलिंडर भरलेला आहे का, त्याची चावी कुठे आहे? ही पिशवी १९५६ साली डेन्मार्कमध्येच तयार झाली. फौजेत आम्ही पहारा बदलताना शस्त्र तपासूनच ताब्यात घेतो. तुम्ही पाळी बदलताना पिशवी दाबून बघा.

सहावं, स्वभाव. रात्रपाळ्या आहेत, संसर्गाचा धोका आहे, मृत्यू रोजचा आहे. रुग्णाच्या तोंडात नळी असल्याने तो बोलू शकत नाही. त्याच्या डोळ्यांशी बोलावं लागतं. बेंगळुरूत यायचं असेल तर कन्नड शिका. "उसिरु तगोळ्ळि", श्वास घ्या, एवढं तरी पहिल्या दिवशी यायलाच हवं. मराठी माणूस दुसऱ्याच्या मुलखात काम करताना त्याची भाषा बोलला की अर्धं काम तिथेच होतं.

शेवटचं, पैसा आणि मान. मी गोड बोलणार नाही. सुरुवातीचा पगार बऱ्याच ठिकाणी कष्टांच्या मानाने कमी असतो. अनेक रुग्णालयांत अजून हे काम परिचारिका आणि कनिष्ठ डॉक्टरांवरच टाकलं जातं. परदेशाचं स्वप्न दाखवणाऱ्यांना विचारा, अमेरिकेत परवान्याची परीक्षा द्यायला कुठली पदवी चालते? तिथे मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाचीच लागते. हे आधी माहीत असलेलं बरं. पण शिकागोचे सिलिंडर ढकलणारे आठवा. त्यांनाही सुरुवातीला कुणी विचारत नव्हतं. आपल्याकडे हा पेशा आज त्यांच्या १९४६ च्या आसपास उभा आहे असं समजा. पहिल्या पिढीला कष्ट जास्त पडतात, पण पेशाचा घाट तीच ठरवते.

पालकांना एवढंच सांगेन. मुलीला डॉक्टर होता आलं नाही म्हणून तिला "काहीतरी पॅरामेडिकल" करायला लावू नका. तिच्याशी बसून हा इतिहास वाचा आणि मग तिलाच विचारा, की रात्री तीन वाजता दुसऱ्याचे श्वास मोजत बसायची तयारी आहे का. "हो" म्हणाली तर तिला बेंगळुरूला पाठवा. यंत्रं इथे भरपूर तयार होतात. त्यांच्या उशाशी उभी राहणारी माणसं देशाला हवी आहेत.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.